दुसऱ्या पलंगावर कोन

२३ जून, सोमवार

नाई, मले मोबाइलचा राग नाई. कोनी इचारलं नाई, पन वनिता तोंड असं करून फिरते की जसं मीच पोरीचं कॉलेज अडवून राह्यली. मी एवढंच म्हनली, जिच्यासंगं रोज झोपाचं-उठाचं थे पोरगी मोबाइलातून कशी काढतात थे मले पाहू द्या. पाहाले का पैसे लागते?

गोष्ट अशी. वनिता माही देरानी, धाकटी जाऊ. तिची पोरगी रोशनी मले मोठीमाय म्हनते. बारावी पास झाली, ब्रह्मपुरीच्या कॉलेजात नंबर लागला. होस्टेलच्या यादीत नाव नाई. कॉलेजजवळ एका बाईची खोली पाह्यली. चांगली हाय, नळ हाय, खिडकी हाय, पन दोन पलंगाची. घरमालकीन म्हनते, दोघी असल्या तरच देईन, एकटी पोरगी मी ठेवत नाई. गावातली छाया जानार होती संगं. तिचं लग्न जमलं. झालं.

रोज जानं-येनं होत नाई. नाल्यावर पानी चढलं की गावात गाडीच येत नाई. दिवाकर, म्हनजे रोशनीचा बाप, म्हनते जोडीदारीन नाई भेटली तर यंदा राहू दे. यंदा राहू दे म्हनजे कायमचं राहू दे. मले मालूम हाय. त्यालेबी मालूम हाय. म्हनून थो खाली पाहून बोलते.

बियानेवाल्यानं डायरी देली. कोरी ठेवून का करू. सहावी शिकली हाय, लिहिता येते.

२४ जून

पऱ्ह्याले, धानाच्या रोपाले, पानी धरलं. चांगले हिरवे निघून राह्यले.

दुपारी पडवीत मासोळीचं जाळं सांधत होती, रो. (रोशनीले एवढंच लिहिते) मोबाइल घेऊन बाजूले बसली. ऍप म्हनतात त्याले. जिले खोली हाय पन जोडीदारीन नाई, जिले खोलीच नाई, अशा साऱ्या पोरी आपआपलं टाकतात आन् थे मशीन जुळवून देते.

मी म्हनली, लग्नासारखं?

"नाई व मोठीमाय. लग्नात एवढं कोनी इचारत नाई."

खरं हाय. माह्या लग्नात एवढंच इचारलं होतं की जाळं ओढता येते का.

प्रश्न किती तरी. उठते कधी. झोपते कधी. लाइट लावून झोपते का बंद करून. खोलीत गाने चालते का. पाहुने येतील का. घरी कधी कधी जाशील. भांडन झालं तर बोलते का चूप बसते. हे शेवटचं मले पसंद आलं. हे तर नवरदेवाले इचाराले पायजे.

रो. एकेका प्रश्नावर आभाळाकडं पाहून बसे. मले राहवलं नाई. अव तू का इचार करते, मी सांगते, तू दाबत जाय. उठते कोंबड्याच्या आधी. झोपते जेवल्या-जेवल्या. गाने दिवसभर.

"मोठीमाय, थे धानाच्या रोवन्यात."

"मंग? आता रोवनाच तर येऊन राह्यला."

हसली. दाबलं.

२६ जून

ऍपमधी घरच्या मानसाचा आवाज टाकाची जागा हाय. पोरगी कशी हाय थे घरच्यानं सांगाचं. वनिता लाजली. दिवाकर मोबाइलसमोर नुसता खाकरत राह्यला, जसा ग्रामसभेत बोलाले उभा राह्यला. मंग मी घेतला.

आता मले मानूस कसं सांगतात थे एकाच रीतीनं येते. रोवन्याच्या बायांची टोळी माह्या हाताखाली हाय. ज्याची बांधी, म्हनजे धानाचं वावर, रोवाची थो मले सांगते, मी बाया घेऊन जाते. ओळीत कोन कोनाच्या बाजूले उभी कराची, थे मी ठरवते. हळू हाताची बाई दोन जलद हाताच्या मधात उभी केली तर थ्या दोघी रोवत रोवत मागं सरकतात, मधली कोंडते. चारी बाजूनं रोवलेलं आन् मधात थे एकटी चिखलात. साऱ्या हसतात, थे रडते. दुसऱ्या दिवशी कामावर येत नाई. म्हनून जोड पाहून उभी करा लागते.

तर मी तसंच सांगतलं. "आमची रोशनी. हात जलद हाय. बाजूवाली मागं राह्यली तर तिच्या पऱ्ह्याच्या दोन पेंड्या आपन लावते, बोलून दाखवत नाई. दुपारपर्यंत कमर सरळ करत नाई. गाते. सूर नाई, पन थांबत नाई. डाव्या बाजूले उभी करा."

रो. नं तोंडावर ओढनी घेतली. "मोठीमाय! थे खोली हाय, बांधी नाई!"

पुसून टाक म्हनली. पुसते म्हने. पुसलं नाई.

२९ जून, रविवार

पोरी हसून राह्यल्या म्हने माहा आवाज ऐकून. हसू द्या. एकीनं इचारलं, तुमची मोठीमाय रूम पार्टनर म्हनून येते का. चावट.

पहिली जोड लागली. वडशाची पोरगी. सारे उत्तर रो. सारखे. मशीननं हिरवा गोल दाखवला, म्हनजे एकदम पक्की. व्हिडिओवर बोल्ल्या, मी मागून भाजी निवडत पाहत होती.

"मले जास्त बोलाले आवडत नाई."

"मलेबी."

"मले शांती पायजे."

"मलेबी."

मंग दोघी चूप. माही भाजी निवडून झाली तरी चूप. शेवटी वडशाची म्हने, खिडकीजवळचा पलंग मी घेईन. रो. म्हने, मलेबी थोच पायजे होता.

मले हसू आवरेना, उठून आत गेली. मशीननं सारखं पाह्यलं, पन खिडकी एकच हाय थे नाई पाह्यलं.

वडशाची म्हने, सांगते मंग. होस्टेलच्या दुसऱ्या यादीची वाट पाहून राह्यली.

१ जुलै

दुसरी. जमुना नाव. भामरागडच्याबी पुढं, नदीपलीकडचं गाव. हिचे अर्धे उत्तर जुळतात, अर्धे नाई. पिवळा गोल.

गाने नाई. पाहुने नाई. घरी कधी कधी जाशील? पावसात नाई. लाइट? लावून झोपते.

रो. म्हने, राहू दे, लाइटात मले झोप येत नाई.

मी म्हनली, थांब. लाइट लावून काऊन झोपते थे इचार पहिले. भेते का? कोनाले भेते?

"असं पहिल्याच दिवशी इचारतात का मोठीमाय?"

"मंग कधी इचारशील, झोपल्यावर?"

इचारलं. उत्तर नाई. रो. म्हने, तिकडं टावर नसन. मी दोनदा तिच्या मोबाइलात डोकावली. आपल्याले का करा लागते, पन लाइट लावून कोनी काऊन झोपन?

४ जुलै

जमुनाचे सारे मेसेज एका झटक्यात आले, पोतं उलटं केल्यासारखे. टेकडीवर चढते, तिथी टावर धरते, सारं पाठवून उतरते.

लाइटचं उत्तर: आमच्याकडं करंट कधी येते कधी जाते. बटन चालूच ठेवते. आला की डोळ्यावर उजेड पडते, मंग उठून अभ्यास करते.

अस्सं. थे सवय नाई, थे नड हाय. मी वनितेले सांगतलं. वनिता म्हने, मंग ब्र.पुरीत तर रातभर करंट राह्यते, थे झोपन कधी? हे माह्या डोक्यात आलं नव्हतं. वनिता कधी कधी बरोबर बोलते.

तिच्या आजीचा आवाजबी आला. माडिया बोली. घरात कोनाले एक शब्द नाई समजला, पन बुढी बोलते कशी, जसं धानाचं पोतं ओतून राह्यली. माह्या टोळीत सगुनाबाई हाय, गोंडाची. तिच्या घरी गेली मोबाइल घेऊन. तिनं कानाले लावला, परत लावला.

"ह्याईची बोली वेगळी हाय बाई. अर्धीच समजते."

"अर्धीच सांग."

"म्हनते, पोरगी झोपेत बोलते. भेऊ नोका. तिले उत्तर देलं तर चूप होते."

"आन् बाकी?"

"बाकी नाई समजलं. पन बुढी हसून राह्यली."

रो. नं सारं ऐकलं, मंग आपआपच म्हने, हिले हो म्हनू का?  तिनं हो लिहिलं. संध्याकाळी तिकडून हो आलं. घरमालकिनीले फोन केला, दोघी येतात म्हनून.

८ जुलै

नदी चढली. भामरागडचा रस्ता बंद. मोबाइलवर दाखवून राह्यले, नुसतं लाल पानी आन् झाडाचे शेंडे.

जमुनाचा शेवटचा मेसेज, उद्या निघते. त्यावर रो. नं लिहिलं, ये. थे पोचलंच नाई म्हने.

आन् आजच वडशाचीचा फोन. होस्टेल नाई लागलं, मी तयार हाय, उद्याच येते. घरमालकिनीचाबी फोन. दुसऱ्या पोरी खोलीसाठी रोज इचारून राह्यल्या, दोघी येऊन पलंगावर बसा, मंग किल्ली. कॉलेज सुरू होऊन राह्यलं.

दिवाकर म्हने, वडशाची घ्या. वनिता म्हने, घ्या. दोघंबी बरोबरच बोलतात. पोरगी घरी नाई बसली पायजे, हेच त्याईच्या मनात.

रो. जेवली नाई. मंग माह्याजवळ येऊन बसली.

"मोठीमाय, रोवन्यात जी बाई येतो म्हनते आन् टाइमावर येत नाई, तिची जागा तू कशी ठेवते?"

कशी म्हनजे. तिच्या जागेवर चिखलात पऱ्ह्याची एक पेंडी खुपसून ठेवतो. बाजूच्या बाया आपली आपली पट्टी रोवतात, तिचीले हात लावत नाई. दुपारच्या भाकरीपर्यंत. मंग नाई आली तर दोघी वाटून घेतात.

"मंग जमुनाची पेंडी?"

आता पोरीनं एवढं इचारल्यावर मी का सांगू. म्हनली, पलंगावर दुसरी बाईच पायजे ना? मी येते.

दिवाकरले ठसका लागला.

११ जुलै, ब्रह्मपुरी

आलो. नाल्यापर्यंत चालत, मंग काळीपिवळी जीपमधी कोंबून. माही वाकळ, रो. ची गादी, तांदूळ, सुकट.

घरमालकीन दारात. तिले सारे काकू म्हनतात, मीबी म्हनली, वय माह्याहून कमीच असन.

"कॉलेजची कोण?"

"ही."

"आणि दुसरी?"

"मी."

बाई पाहतच राह्यली. मी म्हनली, तुमी दोघी पायजे म्हनल्या, दोघी आलो. पलंग दाखवा, पाय दुखून राह्यले.

पहिले कपाळाले आठ्या, मंग हसली. पोरगी नदीपलीकडं अडकली हाय हे सांगतलं. म्हने, वीस तारखेच्या रविवारपर्यंत. तोवर ती नाही आली तर जोडीला दुसरी कोणी आणा, नाहीतर दोन्ही पलंग दुसऱ्या दोघींना. मंग आपआपच सांगाले लागली की मागं एक पोरगी एकटी राहत होती, तापानं पडली, सकाळपर्यंत कोनाले पता नाई. "तेव्हापासून एकटी ठेवत नाही मी. झोप लागत नाही मला."

बाई वाईट नाई. मी उगाच तिले मनातून काही-बाही बोलत होती.

खिडकीजवळचा पलंग रो. नं मले देला. मी म्हनली, हा जमुनाचा का तुहा? "थे आली की पाहू."

१३ जुलै

का लिहू. मले झोप नाई.

ही पोरगी उठत नाई! कोंबड्याच्या टाइमले मी उठली, बसली. उजाडलं. थे झोपूनच. मोबाइल वाजला, तिनं झोपेतच त्याले थापड मारली. परत वाजला, परत थापड. मले वाटलं बिमार पडली. कपाळाले हात लावून पाह्यला. थंडगार.

"मोठीमाय, झोप ना व."

मी कशाची झोपते. घरी तर माह्याआधी चूल पेटवते. इचारलं तर म्हनते, "घरी तू उठवते ना."

मी उठवते? कधी? नुसती भांडी आपटते मी.

१४ जुलै

रो. कॉलेजात. मी करू का दिवसभर? खोली झाडली. जिना झाडला. काकूचं आंगन झाडलं. काकू बाहेर आली, म्हने, "बाई, माझ्या झाडूवालीच्या पोटावर पाय देऊ नका." मंग च्या पाजला. तिले तांदळाचं इचारलं, तिनं मले गुडघ्याचं इचारलं. वेळ गेला.

रो. गात नाई. एकदाबी नाई. कानात थे खुपसते आन् एकटीच हसते. ओला टॉवेल दारावर. जेवून लगेच झोपत नाई, पुस्तक घेऊन बसते, माहा डोळा लागला की पान पलटते. पान पलटाचा आवाज एवढा मोठा राह्यते हे मले आतापर्यंत मालूम नव्हतं.

म्हनली, तू अशी कधीपासून झाली?

"अशीच होती. तिथी टाइम कुठी होता?"

१५ जुलै

राती आमचं भांडन झालं. लाइटावरून. मी बंद केला, तिनं लावला, मी बंद केला. मंग मी बोल्ली ते बोल्लीच, आन् थे चूप. मी तर ऍपमधी लिहाले लावलं होतं की बोलून मोकळी होते. घरी होते! वनितेसंगं तर एवढी भांडते की कोंबड्या पळतात. इथी भिताडाकडं तोंड करून पडली.

सकाळी माह्यासाठी च्या आनला. म्हने, "मोठीमाय, मशीननं तुही-माही जोड कधीच लावली नसती. लाल गोल."

मी एवढी हसली की च्या सांडला. वाकळेवर.

आता खरं लिहिते. मले राग नाई येऊन राह्यला, मजा वाटून राह्यली. अंगाखांद्यावर खेळवलेली पोरगी, आन् रोज नवीन काही निघते. टरबूज आवडत नाई म्हने तिले. इतके साल माह्या हातून खाऊन राह्यली. आवडत नाई तर खाल्लं काऊन? "तू कापून द्याची ना."

१७ जुलै

वडशाची आली, मायसंगं. पोरगी चांगली हाय, शांत हाय, मले नमस्कार केला. माह्या पलंगावर बसून खिडकीतून पाह्यलं. मायनं खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवून धूळ पाह्यली.

माय म्हने, मग पक्कं करायचं का?

रो. म्हने, "मी जमुनाले हो म्हनली हाय. रविवारपर्यंत तिची जागा हाय."

"तिची काही खबर?"

"नाई."

"मग?"

 मले बोलाचं होतं. दहा गोष्टी होत्या तोंडात. रो. नं वाकळेखालून माहा हात दाबला, म्हनजे बोलू नोको. नाई बोल्ली. घरी ही पोरगी पाहुन्यासमोर येत नाई, आतून पाह्यते.

थ्या दोघी म्हनल्या, आमी दुसरी खोलीबी पाहून राह्यलो. गेल्या.

मंग पलंगावर बसून रो. म्हने, मोठीमाय, जमुना नाई आली तर?

तर वडशाची.

"आन् तोवर थेबी दुसरीकडं गेली तर?"

 तर गाव. तर नाल्यापलीकडं. थे तिलेबी मालूम होतं, म्हनून मी म्हनली नाई.

१८ जुलै

वनितेचा फोन. चिखल झाला, पऱ्हे तयार, बाया येऊन राह्यल्या. वनितेनं ओळ लावली आन् सगुनाबाई कोंडली! साऱ्या हसल्या, सगुनाबाई पेंड्या फेकून घरी गेली. बांधीवाला मले शिव्या देऊन राह्यला. रविवारी मले जाच लागते. माह्या पोटाचाच नाई, साऱ्या टोळीचा सवाल हाय.

रो. ले सांगतलं. म्हने, जाय. मंग पुस्तक उलटं धरून बसली.

१९ जुलै, शनिवार

थे "ये" म्हनून लिहिलं होतं थे पोचलं. दोन टिक आल्या, रो. नं मले दाखवल्या. बाकी काही नाई. ना येतो, ना येत नाई. आलापल्लीकडून आलेल्या बसवाल्याले इचारलं. म्हने, पानी खाली जाऊन राह्यलं, पन गाडीचा भरोसा नाई.

माही पिशवी भरून ठेवली.

२० जुलै, रविवार

आली.

सकाळी मी आंगनात तोंड धूत होती. फाटकासमोर काळीपिवळी थांबली आन् एक एवढीशी पोरगी उतरली. खताच्या पोत्यात सामान, वरून प्लास्टिक बांधलेलं. चपला हातात. सरळ डोळ्यात पाह्यते. कोनाले भेत-बित नाई ही.

नदी डोंग्यात बसून, मंग पायी, मंग कोनाच्या ट्रॅक्टरवर, आलापल्लीले ओळखीच्याकडं मुक्काम, मंग बस, मंग जीप. हे सारं मी इचारून काढलं. आपन होऊन नाई सांगतलं तिनं.

मराठी पुस्तकातल्यासारखं बोलते, आश्रमशाळेतलं. मले म्हने, "तुम्हीच ना? आवाजावरून ओळखलं." तिनं माहा थो आवाज टेकडीवर बसून आजीले ऐकवला म्हने, आन् मराठी समजत नाई म्हनून सारं सांगतलं. आजी म्हनली, जी मागं राहिलेल्या बाईच्या पेंड्या लावते आन् दिवसभर गाते, तिच्याकडं जाय. त्यावरून हिनं हो म्हटलं. मशीनचा गोल तिनं पाह्यलाच नव्हता.

म्हनजे माह्याच सांगन्यावरून आली थे.

वर घेऊन गेली. ऊन खिडकीतून आत आलं होतं आन् आमची रोशनी डोक्यावरून पांघरून घेऊन. दारावर ओला टॉवेल.

जमुना उभी राह्यली. तिच्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"ती गाणारी हीच का?"

आता मी का सांगू? खोटं सांगून मोकळी होऊ शकत होती. म्हनली, पोरी, मी सांगतलं थे रोवन्यातली रोशनी. खोटं नाई सांगतलं. पन ही खोलीतली हाय. हिले मीबी आता-आताच पाहून राह्यली. उशिरा उठते. लाइटावरून भांडते. मंग चूप बसते. तुले वापस जाचं असन तर आताच सांग, वडशाची पोरगी अजून अडून हाय.

 जमुनानं पोतं खाली ठेवलं. खिडकीजवळ गेली, बाहेर पाह्यलं, मंग वळली आन् माही वाकळ घडी कराले लागली. नीट, चारी कोपरे जुळवून. घडी माह्या हातात देली आन् रिकाम्या पलंगावर बसली.

तेवढ्यात रो. उठली. केस असे, डोळे असे. पाह्यलं.

"नदी उतरली का?"

"नाही पूर्ण."

"मंग?"

"आले."

बस. एवढंच बोल्ल्या. रो. तिच्याकडं पाहून राह्यली, जमुना तिच्याकडं. मी मधात वाकळ घेऊन. मले वाटलं आता कोनी तरी हसन. कोनी नाई हसलं.

काकू वर आली, दोघी मोजल्या, किल्ली देली. मी निघाली. जिन्यावर जरा थांबली.  गाडी सुटन म्हनून उतरली.

२३ जुलै, गाव

रोवना. पाय चिखलात गेले तेव्हा जिवात जीव आला. सगुनाबाईच्या घरी जाऊन तिले मनवून आनली. तिले कडेले उभी केली, तिच्या बाजूले दिवाकरची मावशी, दोघी सारख्याच बडबड्या.

पहिली पेंडी लावाच्या आधीच सुरू. "काऊन बाई, जमलं का पोरींचं?" "ऍपवाली कशी हाय?" "माडियाची हाय म्हनते, जेवते का सारं?" मी म्हनली, तुमच्यापेक्षा शहाणी हाय, चला हात चालवा. वनिता रोज फोन लावते. रो. म्हनते, हो, ठीक हाय. ठीक म्हनजे का? ठीक म्हनजे ठीक माय.

२५ जुलै

कमर गेली. दोन बांध्या झाल्या. फोनवर ठीक.

२७ जुलै, रविवार

भाकरीच्या आधी फोन आला. माहे हात चिखलानं भरलेले, वनितेनं बांधीच्या धुऱ्यावर उभं राहून, वाकून कानाले लावला. मले वाटलं रो. असन, पन जमुना होती.

"मोठीमाय, एक विचारायचं होतं. रोशनी दोन दिवसांपासून चूप आहे. माझं काही चुकलं का? की ती अशीच असते?"

साऱ्या ओळीचे हात थांबले. सगुनाबाई तर पेंडी तशीच धरून कान लावून उभी.

माह्या तोंडावर उत्तर होतं. एक नाई, पाच होते. ती चूप बसली की च्या दे. ती चूप बसली की तू बोलत राह्य. ती चूप बसली म्हनजे राग नाई. ती चूप बसली म्हनजे रागच हाय. यातलं कोनतं या रोशनीचं, थे मले मालूम होतं का?

तिकडून दार वाजलं. रो. चा आवाज दुरून. "कोनासंगं बोलून राह्यली व?"

"तुझ्या मोठीमायशी."

मंग तिकडं दोघी चूप.  

मी म्हनली, "थे तिथीच उभी हाय ना? मले का इचारते मंग. तिलेच इचार." आन् वनितेले मानेनं सांगतलं, बंद कर.

वनिता: झगडा झाला का? खोली सोडतात का? सगुनाबाई: का म्हनली, का म्हनली? दिवाकर संध्याकाळी दारातच: पोरगी घरी येऊन राह्यली का?

आता पडल्या-पडल्या लिहून राह्यली तर वनिता उशाशी येऊन बसली हाय, डायरीत का लिहिते म्हनते. साऱ्याईले सांगतलं थेच तिले सांगतलं. मले मालूम नाई. रोशनीचं मी लय सांगून झाली. आता इचाराचं असन तर तिले इचारा, नाई तर जमुनाले. मी एक शब्द सांगत नाई.